खलाशी खाली का बसला

ओरिसाबा, ९ मार्च

प्रिय लिओनोर,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, हिल्दार्दो कसा आहे, आणि माझा नवरा समोरच खुर्चीत बसलेला असतो. मग मी "बरा आहे" म्हणते आणि धुक्याविषयी बोलायला लागते. म्हणून हे पत्र. मठाच्या शाळेत माद्रे इनेस आपल्याकडून दर शनिवारी पत्रं लिहून घ्यायच्या, तेव्हा आपण दोघी किती कुरकुरायचो. आता वाटतं, बरं झालं ते वळण लागलं.

तो बरा नाही. नोव्हेंबरात पक्षाघाताचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला, बोलणंही शाबूत आहे, फक्त डावा हात गेला, आणि तोही व्यायामाने थोडाफार परत येईल. पण हात मांडीवर पडलेला असतो, कोणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. हिल्दार्दो त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. बोलता येतं, पण दिवसाकाठी दहा शब्द बोलतो. नको. झोपतो. दार लाव. मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात व्यायामाला नेते, तिथे युरिदिया नावाची मुलगी आहे, आपल्या मुली असत्या तर तेवढ्या असत्या. तिने त्याच्या हातात रबरी चेंडू दिला. तो म्हणाला, "चेंडू कुत्र्याला देतात." पंधरा दिवसांतलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

ती पोरगी मात्र हसली. मला बाजूला घेऊन विचारलं, "अंपारोबाई, उस्तादांना आधी कशाची आवड होती?" मी तिला आमचं दुकान सांगितलं. दाराशी उभी असलेली ती नाणं टाकून खेळायची दोन व्हिडिओ यंत्रं, संध्याकाळी भोवती जमणारी गर्दी, आणि हिल्दार्दो, जो यंत्रं दुरुस्त करायचा आणि त्यांच्यावर सगळ्या मोहल्ल्याला हरवायचा. यंत्रं विकून अकरा वर्षं झाली. तर युरिदियाने तिथेच माझ्या फोनमध्ये तोच मारामारीचा खेळ घालून दिला. तोच गं. तोच खलाशी, तीच दोरीवाली मुलगी, मागे तेच बंदर. फक्त खलाशाला हलवायचा लिव्हर नाही, मारायची बटणं नाहीत. काचेवर डावीकडे एक गोल काढलेला आहे, तोच लिव्हर, आणि उजवीकडे चार ठिपके, तीच बटणं. बोटांना काही लागतच नाही. पाटीवर खडूने काढलेल्या भाकरीसारखं वाटतं.

मी गुपचूप शिकते आहे. आपल्या म्हाताऱ्या, कोरड्या बोटांना काच ओळखतच नाही, म्हणून शेजारी ओलं फडकं ठेवते. आणि तुला हसू येईल, तो अर्धचंद्र, ज्याने खलाशी नांगर फेकतो, तो मला जमला. माद्रे इनेस वहीभर लंबगोल काढून घ्यायच्या, मनगट न उचलता, आठवतं? अंगठा त्याच वळणाने जातो.

त्याला अजून दाखवलेलं नाही. भीती वाटते, दाखवीन आणि तो म्हणेल, नको.

तुझी,
अंपारो


तंपिको, १५ मार्च

प्रिय अंपारो,

पत्र तीनदा वाचलं. इथे आधीच उकडायला लागलंय, कागद हाताला चिकटतो, अक्षर फिसकटलं तर माफ कर.

दाखव त्याला. तो नको म्हणाला तर म्हणाला. तू त्याच्या नकोला कधीपासून भ्यायला लागलीस?

मी ते दुकान कशी विसरेन. एवारिस्तो गेला आणि मी विधवा झाले, त्या वर्षी मी तुमच्याकडे आठ महिने राहिले. सकाळी मुलं शाळेत असायची, यंत्रं रिकामी असायची, आणि हिल्दार्दो मला म्हणायचा, "ये बाईसाहेब, नुसती खिडकीतून काय बघतेस." मी काळ्या कपड्यांत तिथे उभी राहून दोरीवालीला नाचवायचे. तुमच्या दुकानाच्या रीतीही आवडायच्या. काचेच्या कडेला नाणं ठेवलं की पुढची पाळी त्याची, कोणी भांडायचं नाही. आणि पहिला राउंड जिंकणाऱ्याने दुसरा मुद्दाम हरून समोरच्याला द्यायचा, खरी लढत तिसऱ्याला. हिल्दार्दो मला दुसरा राउंड रोज द्यायचा, एकदाही चुकला नाही. इतकं सभ्य दुकान मी पुढे पाहिलं नाही.

आता मात्र मला असल्या खेळांचं डोकं राहिलेलं नाही. सहज विचारते, त्या फोनवर खेळताना नाव लागतं म्हणतात. तुम्ही काय नाव ठेवलंत?

हिल्दार्दोला माझा नमस्कार. सांगू नकोस की मी विचारलं.

तुझीच,
लिओनोर


ओरिसाबा, ४ एप्रिल

प्रिय लिओनोर,

दाखवलं. तो "नको"च म्हणाला. मग मी त्याच्यासमोर बसून मुद्दाम वाईट खेळले. तीन दिवस. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "उडी मारतेस कशाला, डबकं आहे का तिथे?" आणि उजवा हात पुढे करून बटण दाबलं.

आता कसं चालतं सांगते. फोन जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवायचा. मी त्याच्या डावीकडे बसते. लिव्हरचा गोल माझ्याकडे, ठिपके त्याच्याकडे. त्याला डावा हात नाही, मला अक्कल नाही, दोघं मिळून एक खलाशी. दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस आता असं बोलतो, ऐक:

"मागे."

"कुठे मागे? त्याचं तोंड आत्ता इकडे होतं, आता तिकडे आहे."

"त्याच्या मागे, तुझ्या नाही."

"मग नीट सांग की."

"नवऱ्याला बदडतायत आणि ही हात पुसत बसली आहे."

"ओल्या बोटाशिवाय काच ऐकत नाही माझं. तूही ऐकायचा नाहीस, तुला काय ओलं करू?"

तो हसला, लिओनोर. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसला.

नाव ठेवलं आहे "ओरिसाबाचा नांगर". त्यानेच ठेवलं. पण अजून आम्ही फक्त फोनशी खेळतो. खऱ्या माणसांशी खेळता येतं, युरिदियाने दाखवलं, पण तो म्हणतो, ज्याचं तोंड दिसत नाही त्याला चिडवणार कसं. आणि फोनशी खेळून त्याला कंटाळा यायला लागलाय. म्हणतो, याला हरायची लाज नाही, जिंकायची हौस नाही. मला धास्ती वाटते. कंटाळला तर पुन्हा खिडकी आणि "दार लाव". व्यायामालाही तो हल्ली याच उमेदीवर येतो, युरिदियाला निकाल सांगायला. चेंडू अजून हातात घेत नाही. ती म्हणते, हाताला कोणी काही मागितलं नाही तर तो विसरून जातो, आणि हे पहिलं वर्षच काय ते कामाचं.

तुझी,
अंपारो


तंपिको, १२ एप्रिल

प्रिय अंपारो,

घाईत लिहिते. त्याला सांग, कोणी आव्हान पाठवलं तर नाही म्हणू नये. यंत्रापाशी अनोळखी माणूस आला तर तो कधी पाठ फिरवून उभा राहिला होता का?

मी बरी आहे. डोळे थोडे दुखतात, पण काही विशेष नाही.

लिओनोर


ओरिसाबा, २० मे

प्रिय लिओनोर,

तुझा निरोप वाचून दाखवला होता, आणि जणू तो ऐकूनच कोणीतरी आलं. नाव "श्रीमती कुणीनाही". रोज संध्याकाळी पाचला आव्हान यायचं. दोरीवाली घेऊन खेळायची. पहिल्या आठवड्यात आम्ही तिला सहज हरवलं, मग ती सुधारत गेली, आणि हिल्दार्दोही. तोंड दिसत नव्हतं तरी तो तिला चिडवायचा. "कुणीनाहीबाई, दोरीवर कपडे वाळत घाला." चार वाजल्यापासून घड्याळ बघायचा. एका हाताने दाढी करायला लागला. मी विचारलं, तिला तू दिसतोस का? म्हणाला, "मला मी दिसतो."

हे सगळं तुला आनंदाने लिहिणार होते. आता तसं लिहिता येत नाही.

या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पहिला राउंड तिने जिंकला, चांगला जिंकला. दुसरा सुरू झाला आणि दोरीवाली नुसती उभी राहिली. मी खलाशाला पुढे नेलं, हिल्दार्दोने ठोसा मारला, ती उभीच. त्याने बटणावरून बोट उचललं.

"ही खेळत नाहीये," तो म्हणाला.

"दमली असेल."

"दमली नाही. देते आहे. मला राउंड देते आहे."

"दिला तर दिला, आपल्या दुकानाचीच रीत ती."

तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी एवढी वर्षं त्या दुकानात होते की नव्हते असं मला वाटलं. "तू गल्ल्यावर असायचीस," तो म्हणाला. "राउंड लहान पोरांना देतात. नवख्यांना देतात. ज्यांच्या घरात कोणी गेलंय त्यांना देतात. पंचवीस वर्षांत मला कोणी दिला नाही. बंद कर ते."

फोन त्याने खणात टाकला, कामापुरता बाहेर काढते. अडीच आठवडे झाले. व्यायामाला येत नाही. काल युरिदियाचा फोन आला, आवाज अगदी हळू केला होता तिने. म्हणाली, अंपारोबाई, रांग मोठी आहे, जूनअखेरपर्यंत उस्ताद आले नाहीत तर त्यांची वेळ दुसऱ्याला द्यावी लागेल. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "देऊ दे. सगळे देतच आहेत."

कोण ती बाई, कुठली, तिला काय कळणार. तिच्यावर रागही काढता येत नाही. तू प्रार्थना कर. मी करते, पण हल्ली मध्येच थांबते.

तुझी,
अंपारो


तंपिको, २९ मे

प्रिय अंपारो,

श्रीमती कुणीनाही मी आहे.

हे वाक्य लिहायला सकाळपासून दुपार झाली, आता पुढचं लिहिते. तुझं एप्रिलचं पत्र आलं, त्यात तो कंटाळतोय असं होतं, आणि मी शेजारच्या फोनच्या दुकानात जाऊन तो खेळ घालून घेतला. महिनाभर अंगठे दुखले. डोळेही त्यामुळेच. तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस, तुझ्या पोटात काही राहत नाही, आणि मग त्याने दया समजून खेळणं सोडलं असतं. म्हणून लपवलं. आणि शेवटी त्याला दयाच पोचवली.

पण अंपारो, मी दया म्हणून केलं नाही. त्या दिवशी पहिला राउंड जिंकले, आयुष्यात प्रथमच त्याच्याविरुद्ध खरोखर जिंकले, आणि मला वाटलं आता माझी पाळी, आता मी रीत पाळायची. तो मला द्यायचा तसा मी त्याला दिला. मला वाटायचं ते सगळ्यांसाठी असतं. त्या आठ महिन्यांत मी मोठ्या माणसांची लढत कधी पाहिलीच नाही, ते संध्याकाळी यायचे आणि मी वर खोलीत असायचे.

"ज्यांच्या घरात कोणी गेलंय त्यांना." तुझ्या पत्रातली ही ओळ वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसले. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की मी हिल्दार्दोला रोज एक राउंड हरवायचे.

हे पत्र त्याला वाचून दाखव, किंवा फाडून टाक. तू ठरव.

लिओनोर


ओरिसाबा, १४ जून

प्रिय लिओनोर,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं. राग आला होता. तू इतके दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलीस आणि मला कळू दिलं नाहीस. मी तुला पत्रभर लिहिलं की कुणीनाहीबाई अशी आणि तशी, आणि तू ते वाचत होतीस. हे मी विसरेन, पण लगेच नाही.

तिसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी त्याला वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. संपल्यावर त्याने गोड पाव कॉफीत बुडवला आणि तो विरघळून जाईपर्यंत हातात धरून ठेवला.

"लिओनोर?" तो म्हणाला. "आपली लिओनोर? तिला तर उडीसुद्धा मारता यायची नाही."

"आता येते. तुला हरवलं तिने."

"एकदा." मग कपात बघत म्हणाला, "काळ्या कपड्यांत यायची गं ती. हात थरथरायचे तिचे. मी काय करणार होतो?"

मी कपात पडलेला पाव चमच्याने काढून दिला.

आता त्याचा निरोप, त्याच्याच शब्दांत, कारण त्याने मला दोनदा म्हणून दाखवायला लावला: "तिला सांग, तेवीस तारखेला, रविवारी, चर्चमधली मिसा झाल्यावर बारा वाजता. आणि हात राखून खेळली तर तंपिकोहून खेकडे घेऊन आली तरी उंबऱ्याबाहेर उभी करीन."

गेल्या शुक्रवारी तो युरिदियाकडे आला. चेंडूसाठी नाही म्हणे, ठिपके अजून मोठे करून घ्यायला. पण बसला, आणि तिने बोलता बोलता चेंडू त्याच्या डाव्या हातात ठेवला तर त्याने तो ठेवू दिला. तळहातावरून घरंगळला. तिने पुन्हा ठेवला. असं चौदा वेळा झालं. मी मोजत होते.

नीट खेळ, लिओनोर. माझ्याकडूनही सांगते.

अंपारो


तंपिको, २४ जून

अंपारो आणि हिल्दार्दो, तुम्हा दोघांना,

काल जे झालं त्याविषयी दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिला राउंड मी जिंकले. दुसरा तुम्ही जिंकलात, आणि तो खरा होता, शेवटचा नांगर मला दिसलाच नाही, इतका सुरेख अर्धचंद्र. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. अशा वयात.

आणि तिसऱ्यात काय? अर्धा राउंड झाला आणि तुमचा खलाशी खाली बसला. माझी दोरी त्याच्या डोक्यावरून गेली, मला वाटलं काहीतरी डाव आहे. मी थांबले. तो एकदा उठला, माझ्याकडे बघितल्यासारखं केलं, आणि पुन्हा बसला. एक ठोसा नाही. एक नांगर नाही. मी बसलेल्या माणसाला मारून जिंकले.

हिल्दार्दो, मी चुकले होते, कबूल केलं. त्याची परतफेड अशी करायची होती का? मी आता काळे कपडे घालत नाही. माझे हातही थरथरत नाहीत. मला राउंड नको.

लिओनोर


ओरिसाबा, १ जुलै

लिओनोर,

हे पत्र मी लिहितो आहे, अंपारो नाही. ती बाजारात गेली आहे, तासाभरात येईल. कागद सरकतो, त्याच्यावर साखरेची बरणी ठेवली आहे. एका हाताने लिहिणं म्हणजे पळत्या कोंबडीची पिसं काढण्यासारखं आहे. अक्षराला हसू नकोस. तुम्हा दोघींसारखी माझी माद्रे नव्हती.

राउंड दिला नाही. काय झालं ते सांगतो.

तिसऱ्याच्या मध्यावर स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. अंपारो उठून पळाली. लिव्हर मोकळा पडला. तू दोरी फिरवत येत होतीस. मी उजव्या हाताने डावा हात उचलला, वस्तू उचलतात तसा, आणि काचेवर ठेवला. का ठेवला माहीत नाही. तिथे हात असायला हवा म्हणून.

यंत्राचा लिव्हर असता तर काही झालं नसतं. त्याला मूठ लागते, खांदा लागतो. काचेला जोर लागत नाही, कातडं टेकलं की पुरतं. अंगठा गोलावर होता आणि तो खाली सरकला. खलाशी बसला. तुझी दोरी वरून गेली.

मला वाटलं, हाताच्या वजनाने झालं. मग मी मनात म्हटलं, सोड. आणि अंगठ्याने सोडलं. खलाशी उठला. तुला तो तुझ्याकडे बघताना दिसला, तो मीच होतो, पण मी तुझ्याकडे बघत नव्हतो. मी अंगठ्याकडे बघत होतो. मग म्हटलं, बस. तो बसला.

लिओनोर, उजवा हात ठोसा मारायचं विसरून गेला. तू मारत होतीस, दिसत होतं मला. मारू दे म्हटलं.

अंपारो चुलीवरून परत आली तेव्हा सगळं संपलं होतं. मी हात परत मांडीवर ठेवला होता. तिला सांगितलेलं नाही. नोव्हेंबरापासून ती पुष्कळ वेळा आशा धरून बसली आणि मी प्रत्येक वेळी नको म्हटलं. एकदा झालं ते पुन्हा होईल असं नाही. आठवडाभर ती बाजारात गेली की मी काचेवर हात ठेवून बघतो. कधी खलाशी बसतो, कधी नाही बसत. उद्या मंगळवार आहे. युरिदियासमोर झालं, आणि अंपारो शेजारी उभी असताना झालं, तर तिला आपोआप कळेल. तोवर तू गप्प राहा. गुपित ठेवता येतं तुला, ते आम्ही पाहिलं आहे.

तुझा विजय खरा होता. मी तिथे होतो आणि तू मला हरवलंस.

दूध उतू गेलं म्हणून आपण हरलो, असं अंपारो भेटेल त्याला सांगते आहे आणि स्वतःला बोल लावून घेते आहे. उद्यापर्यंत सांगू दे.

हिल्दार्दो